उसने बळ

पुरुषांच्या आरोग्याविषयी घरात मोकळेपणाने बोलले जाते ते साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि गुडघे एवढ्यापुरतेच. पेढीवरून परतल्यावर जिना चढताना धाप लागते, पूर्वी सहज उचललेले पोते आता हमालावर सोडावे लागते, हे कर्ता पुरुष हसत सांगतो; परंतु पत्नीकडे पाठ फिरवून झोपण्याची सवय जडली आहे, हे तो कोणालाच सांगत नाही. डॉक्टरांनाही नाही. ज्या घरात रोजमेळातील दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत दिवा मालवला जात नाही, त्याच घरात हा फरक वर्षानुवर्षे न विचारता पुढील पानावर ओढला जातो.

या मौनाचा लाभ अर्थातच दुसरे कोणीतरी घेते. चाळिशीनंतरचा थकवा, सुटलेले पोट, चिडचिड, ओसरलेली इच्छा या सर्वांचे मूळ एकच, शरीरातील टेस्टोस्टेरॉन कमी झाले आहे, असे मोबाइलवरील जाहिरात सांगते. व्यायामशाळेतील प्रशिक्षक तेच सांगतो. तपासण्यांचे पॅकेज विकणारी प्रयोगशाळा अहवालात त्या आकड्याखाली ठळक खूण करून देते. मग बाहेरून संप्रेरक देण्याचा उपचार सुचवला जातो: दोन-तीन आठवड्यांनी अथवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर रोज खांद्याला चोळावयाचे जेल. हा उपचार खोटा नाही. ज्यांच्यासाठी तो आहे त्यांचे आयुष्य तो खरोखर बदलतो. मात्र तो कोणासाठी आहे, त्याने बळ व कामेच्छा यांत नेमका किती फरक पडतो आणि त्याचे मोल काय द्यावे लागते, या प्रश्नांची उत्तरे गेल्या पंधरा वर्षांत मोठ्या चाचण्यांतून बरीचशी हाती आली आहेत. ती जाहिरातीत छापली जात नाहीत.

टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणांत तयार होते. निरोगी तरुणाच्या शरीरात दिवसाकाठी ते साधारण पाच-सात मिलिग्रॅम निर्माण होते; मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. एवढ्याशा द्रव्यावर दाढी, आवाज, स्नायू, हाडांची घनता, रक्तातील तांबड्या पेशी आणि कामेच्छा अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी रक्तातील त्याच्या पातळीवर लक्ष ठेवून असते. पातळी उतरली की ती वृषणांना अधिक उत्पादनाचा निरोप धाडते, पुरेशी झाली की निरोप थांबवते. निरोप थांबण्याचा हा नियम पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे. प्रौढ पुरुषाच्या रक्तात हे प्रमाण सामान्यतः दर डेसिलिटरला ३०० ते १००० नॅनोग्रॅम असते आणि मध्यम वयापासून वर्षाला सुमारे एक टक्का या मंद गतीने ते घटत जाते. स्त्रियांच्या रजोनिवृत्तीप्रमाणे एका टप्प्यावर उत्पादन थांबण्याची घटना पुरुषाच्या आयुष्यात नाही. त्यामुळे ‘पुरुषांची रजोनिवृत्ती’ हा अलीकडे रूढ होऊ पाहणारा शब्द दिशाभूल करणारा आहे.

या द्रव्याच्या शोधाचा इतिहास जैन वाचकाला सुखद वाटणार नाही, तरी तो ठाऊक असावा. १८४९ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड या संशोधकाने कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढून टाकले. त्यांचा तुरा वाढेना, आरवणे बंद झाले, माद्यांकडे त्यांचे लक्ष जाईना. काहींच्या पोटात वृषण पुन्हा ठेवल्यावर हे सारे परतले. वृषणांतून काहीतरी रक्तात मिसळते, एवढे त्यावरून कळले. पुढे चाळीस वर्षांनी, १८८९ मध्ये, ब्राऊन-सेकार हे ७२ वर्षांचे नामांकित शरीरशास्त्रज्ञ पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे उभे राहिले. कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क त्यांनी स्वतःला टोचून घेतला होता. त्यामुळे गेलेले बळ परतले, प्रयोगशाळेत तासन्तास उभे राहता येऊ लागले, असे त्यांनी जाहीर केले. अल्पावधीत असे अर्क अनेक देशांत विकले जाऊ लागले. वस्तुतः वृषणांत तयार झालेले टेस्टोस्टेरॉन तेथे फारसे साठून राहत नाही आणि पाण्यात ते विरघळतही नाही म्हटले तरी चालेल. त्या अर्कात औषध जवळपास नव्हतेच. ब्राऊन-सेकार खोटे बोलत नव्हते. त्यांना खरेच बरे वाटले होते. इंजेक्शन घेतल्यावर बरे वाटणे हा या विषयातील सर्वांत फसवा पुरावा आहे, तो तेव्हापासून.

१९२० नंतर सेर्ज व्होरोनॉफ यांनी त्याच पॅरिसमध्ये माकडांच्या वृषणांचे काप धनिक वृद्धांच्या शरीरात बसवण्याचा उद्योग चालवला. १९३५ साली ॲम्स्टरडॅम येथे बैलांच्या सुमारे शंभर किलो वृषणांतून अवघे दहा मिलिग्रॅम शुद्ध संप्रेरक वेगळे करण्यात आले. त्याच वर्षी ब्युटेनांट आणि रुझिका या दोन शास्त्रज्ञांनी ते कोलेस्टेरॉलपासून रासायनिक प्रक्रियेने तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघांना विभागून मिळाले. कत्तलखान्यातील अवयवांची गरज अशी संपली. आजचे औषध बहुतांशी सोयाबीनसारख्या वनस्पतींतील द्रव्यांपासून बनवले जाते. तथापि तोंडाने घ्यावयाच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून केलेले असते. इंजेक्शनातील औषध एरंडेल, तीळ, सरकी किंवा शेंगदाणा यांपैकी एखाद्या तेलात असते. ज्या घरात आइस्क्रीम आणि चॉकलेटच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली जातात, तेथे औषधाच्या वेष्टनावरचीही वाचावीत.

बरे वाटणे आणि बरे होणे यांतील अंतर मोजण्याची सर्वांत काटेकोर चाचणी अमेरिकेत झाली. तिचे प्रमुख निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. वय ६५ किंवा अधिक, टेस्टोस्टेरॉन २७५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी आणि त्यासोबत कामेच्छा, चालणे अथवा उत्साह यांबाबत प्रत्यक्ष तक्रार, अशा पुरुषांची निवड करावयाची होती. ५१,०८५ जणांची छाननी केल्यावर या अटींत बसणारे फक्त ७९० सापडले. काहींनी स्वतःहून नकार दिला असेल, काही अन्य आजारांमुळे वगळले असतील, हे धरूनही हा आकडा बोलका आहे. निम्म्यांना वर्षभर संप्रेरकाचे जेल देण्यात आले, निम्म्यांना हुबेहूब दिसणारे पण औषध नसलेले. कोणाला काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नाही.

कामेच्छेबाबतचा निष्कर्ष अनुकूल आला. खरे औषध मिळालेल्यांची इच्छा वाढली, संबंधांची वारंवारता वाढली, शारीरिक क्षमतेतही थोडी सुधारणा झाली. परंतु हा लाभ मध्यम स्वरूपाचा होता, आणि शारीरिक क्षमतेपुरता विचार केला तर सिल्डेनाफिल वर्गातील गोळ्यांनी जेवढा फरक पडतो त्याहून तो कमी होता. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. इच्छा नसणे वेगळे आणि इच्छा असून शरीराने साथ न देणे वेगळे. पहिल्याचा संबंध संप्रेरकाशी असू शकतो. दुसऱ्याचा संबंध मधुमेही, उच्च रक्तदाबाच्या किंवा तंबाखू खाणाऱ्या पुरुषात बहुधा रक्तवाहिन्यांशी असतो. त्या भागातील रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने तेथील अडथळा कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षे आधी जाणवतो. असा रुग्ण संप्रेरकाचे इंजेक्शन घेऊन घरी परतला आणि हृदयाची तपासणी राहून गेली, तर त्याने खर्चही केला आणि सूचनाही गमावली. छातीतील दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल वर्गातील औषध घेणे प्राणघातक ठरू शकते, म्हणून मेडिकलच्या दुकानातून कुजबुजत घेतलेली गोळी हाही मार्ग नव्हे.

इच्छेचे गणित केवळ या एका संप्रेरकावरही चालत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सुमारे दोनशे निरोगी पुरुषांचे स्वतःचे उत्पादन औषधाने थांबवून त्यांना टेस्टोस्टेरॉनच्या वेगवेगळ्या मात्रा देण्यात आल्या. दुसऱ्या तशाच गटात टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये होणारे रूपांतरही रोखण्यात आले. स्त्रियांचे म्हणून ओळखले जाणारे इस्ट्रोजेन पुरुषाच्या शरीरातही अल्प प्रमाणात तयार होते. ते रोखलेल्या गटात चरबी वाढली आणि कामेच्छाही अधिक उतरली. स्नायूंचे बळ मात्र टेस्टोस्टेरॉनच्याच मात्रेनुसार बदलले. पुरुषाच्या इच्छेला स्त्री-संप्रेरकाचाही आधार लागतो, हे अनेकांना नवल वाटेल. निसर्गाने हा हिशेब दुहेरी नोंदपद्धतीने ठेवला आहे एवढेच म्हणावे.

बळाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि येथेच ग्राहकाची फसगत अधिक होते. संप्रेरकाने स्नायूंचे वजन वाढते व चरबी घटते, हे निर्विवाद. १९९६ साली भारतीय वंशाचे डॉ. शलेंद्र भसीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ निरोगी तरुण पुरुषांवर दहा आठवडे केलेला अभ्यास या विषयात सतत उद्धृत केला जातो. त्यात नेहमीच्या उपचाराच्या सुमारे सहापट मात्रा दिली होती. औषध घेऊन व्यायाम न केलेल्यांची आडवे पडून वजन उचलण्याची क्षमता सुमारे ९ किलोंनी वाढली. औषध आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांची २२ किलोंनी. व्यायामशाळांतील सारा काळा व्यवहार या निष्कर्षाच्या पहिल्या अर्ध्या भागावर चालतो, आणि त्या अभ्यासातील माणसे डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती, मात्रा केवळ दहा आठवडे होती, हे सोयीस्करपणे वगळले जाते.

वृद्धांच्या चाचणीत, जेथे मात्रा उपचारापुरतीच होती, चित्र निराळे दिसले. चालण्याची तक्रार असणाऱ्या गटात सहा मिनिटांत तोडलेले अंतर औषधाने लक्षणीय वाढले नाही. चाचणीतील सर्वांचा एकत्रित विचार केल्यावर, पन्नास मीटर किंवा अधिक सुधारणा झालेल्यांचे प्रमाण औषधाच्या गटात २०.५ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.६ टक्के आढळले. म्हणजे लाभ आहे, पण शंभरात सात-आठ जणांना, आणि तोही वर्षभराच्या उपचारानंतर. थकव्यावर तर औषधाचा उल्लेखनीय परिणाम दिसलाच नाही. मनःस्थिती किंचित सुधारली इतकेच. स्मरणशक्तीतही फरक पडला नाही. ज्या ‘दम राहिला नाही’ या तक्रारीसाठी बहुतेक पुरुष या उपचाराकडे वळतात, नेमके तेथेच या औषधाचे हात रिकामे आहेत. स्नायू मांसल होणे आणि माणूस जिना चढू लागणे यांच्यामध्ये रोजच्या हालचालीची एक पायरी आहे, ती इंजेक्शनाने ओलांडता येत नाही.

ज्यांचा आकडा सीमेवर आहे त्यांच्यासाठी आणखी एक चाचणी महत्त्वाची. साठीपुढील ३०८ पुरुष, टेस्टोस्टेरॉन १०० ते ४०० नॅनोग्रॅम यांच्या दरम्यान, उपचार तीन वर्षे. निष्कर्ष २०१५ साली आले. मानेतील रोहिणींचे जाड होणे औषधाने ना वाढले ना थांबले, आणि सर्वसाधारण लैंगिक जीवनात व जीवनमानातही फरक आढळला नाही. युरोपातील आठ शहरांत ४० ते ७९ वर्षांच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली होती. कमी झालेली इच्छा, पहाटेच्या नैसर्गिक उत्तेजनेचा अभाव आणि क्षमतेची अडचण ही तिन्ही लक्षणे व सोबत कमी आकडा, अशी व्याख्या लावल्यावर खरी कमतरता केवळ २.१ टक्के पुरुषांत निघाली. चाळिशीच्या दशकात हे प्रमाण ०.१ टक्के होते, सत्तरीच्या दशकात ५.१ टक्के. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या व्यापाऱ्याला जाहिरात जे सांगते, ते या आकड्यांपुढे ठेवून पाहावे.

मग हा उपचार कोणाचा? काही मुले जन्मतःच एक जादा एक्स गुणसूत्र घेऊन येतात. सुमारे सहाशे पुरुषांत एकाला ही स्थिती असते आणि पुष्कळदा लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच ती उघड होते. पियूषिका ग्रंथीवर गाठ झालेले, गालगुंडाचा संसर्ग वृषणांपर्यंत पोहोचलेले, कर्करोगाच्या उपचारांत वृषणांची हानी झालेले पुरुष असतात. अशांना हे औषध म्हणजे मधुमेह्याला इन्सुलिन. इच्छेत फरक तीन ते सहा आठवड्यांत जाणवू लागतो, स्नायूंत तीन-चार महिन्यांनी, हाडांत त्याहूनही उशिरा. समाजात अशा तरुणाकडे दोषी म्हणून पाहण्याची, त्याच्या स्थळाची चर्चा दबक्या आवाजात करण्याची जी रीत आहे ती त्याला डॉक्टरांपासून दूर आणि नको त्या वैदूच्या जवळ नेते.

उपचाराचे मोल सांगायचे तर प्रथम हृदयाचा प्रश्न येतो. दीर्घकाळ शंका होती की या औषधाने हृदयविकाराचा झटका वाढतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण औषधाच्या गटात ७.० टक्के, दुसऱ्या गटात ७.३ टक्के निघाले. ती शंका बरीचशी फिटली. पण त्याच चाचणीत हृदयाचे ठोके अनियमित होणे, फुप्फुसात रक्ताची गाठ जाणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे हे प्रकार औषधाच्या गटात अधिक आढळले. हाडांबाबत तर अपेक्षेच्या उलट घडले. आधीच्या चाचणीत औषधाने मणक्याची घनता स्पष्टपणे वाढली होती; या मोठ्या चाचणीत मात्र अस्थिभंग औषधाच्या गटात ३.५ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे २.५ टक्के झाले. घनता वाढली म्हणून हाड मोडणार नाही, असे गृहीत धरता येत नाही. औषधाने तांबड्या पेशी वाढतात; पांडुरोगी वृद्धाला त्याचा उपयोग होतो, पण इतरांत रक्त दाट होऊ शकते, म्हणून हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास औषध थांबवावे लागते. प्रोस्टेटचा कर्करोग असणाऱ्यास हे औषध सामान्यतः दिले जात नाही आणि इतरांचीही पहिल्या वर्षात पीएसए चाचणी करावी लागते. थोडक्यात, इंजेक्शन देऊन पुन्हा बोलावणे न करणारा माणूस वैद्य नव्हे, विक्रेता आहे.

सर्वांत मोठे मोल मात्र तरुणांना द्यावे लागते, आणि ते सांगितले जात नाही. पियूषिकेचा नियम वर आला आहे. बाहेरून संप्रेरक येऊ लागले की तिला रक्तात भरपूर माल दिसतो आणि ती वृषणांना निरोप धाडणे बंद करते. वृषणांतील स्थानिक उत्पादन थांबते, त्यावर अवलंबून असलेली शुक्रजंतूंची निर्मितीही आटते. हा परिणाम एवढा खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनच्या साप्ताहिक इंजेक्शनांच्या चाचण्या घेतल्या होत्या आणि बहुसंख्य पुरुषांत काही महिन्यांत शुक्रजंतूंची संख्या शून्यावर आली होती. उसनवारीवर दुकान भरलेले दिसते, पण मागचा कारखाना बंद पडलेला असतो.

आता एक नेहमीचे घर डोळ्यांपुढे आणावे. मुलगा तीस-बत्तीस वर्षांचा. दुकानाचा ताण, बैठे काम, लग्नाच्या वेळी वाढलेले वजन. तो व्यायामशाळेत जाऊ लागतो, कोणीतरी ‘कोर्स’ सुचवते, दंड भरतात, आरशात तो स्वतःला आवडू लागतो. दोन-तीन वर्षे मूल होत नाही. देवदर्शन होते, नवस होतात, सुनेच्या तपासण्यांमागून तपासण्या होतात, तिला गोळ्या, इंजेक्शने, दुर्बिणीची शस्त्रक्रिया. तिच्याविषयी नातलगांत बोलले जाऊ लागते. आणि मुलाची साधी वीर्यतपासणी, जी पहिल्याच आठवड्यात व्हावयास हवी होती, ती शेवटी होते. कधी इंजेक्शनाची गोष्ट तो तेव्हाही सांगत नाही. या घरात ज्याने औषध घेतले त्याने काहीच सोसले नाही. सोसले ते तिने. वंध्यत्वाच्या तपासणीत पतीची चाचणी आधी करण्याचा आग्रह सासूने धरला, तर त्यात तिच्या मुलाचा अपमान नाही.

दिलासा एवढाच की ही हानी बहुधा कायमची नसते. गर्भनिरोधक चाचण्यांत भाग घेतलेल्या निरोगी पुरुषांच्या एकत्रित नोंदींनुसार औषध थांबवल्यावर बारा महिन्यांत सुमारे ९० टक्क्यांची आणि दोन वर्षांत सर्वांची शुक्रजंतूसंख्या सुधारली होती. व्यायामशाळेतील मात्रा त्याहून मोठ्या, औषधे मिश्र आणि कालावधी अनिश्चित. तेथे परत येण्याचा काळ लांबतो. इंजेक्शने अचानक थांबल्यावर काही महिने इच्छा व उत्साह दोन्ही तळाला जातात, आणि त्या काळात तरुण पुन्हा सुईकडे वळतो. म्हणून थांबवणेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावे. मूल हवे असलेल्या पुरुषात खरी कमतरता असेल तर वृषणांना चालना देणारी वेगळी औषधे आहेत. त्याला टेस्टोस्टेरॉन देऊ नये, हे डॉक्टरांना सांगावे लागू नये, पण सांगावे.

एकत्र कुटुंबात आणखी एक दक्षता. जेल अंगावर ओले असताना नातवंड कडेवर घेतले तर औषध त्याच्या त्वचेतून आत जाते. लहान मुलांत अकाली केस येणे, जननेंद्रियांची वाढ होणे असे प्रकार यातून घडलेले आहेत. लावल्यावर हात धुवावेत, जागा वाळल्यावर कपड्याने झाकावी, पत्नीचा स्पर्श होण्यापूर्वी ती धुवावी.

तपासणीचेही नियम आहेत. टेस्टोस्टेरॉनचा आकडा सकाळी सर्वाधिक असतो आणि खाल्ल्यावर उतरतो. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, रिकाम्या पोटी द्यावे आणि आकडा कमी आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावा. संध्याकाळी दुकान बंद करून दिलेल्या रक्तावर निदान करता येत नाही. जैन वाचकांसाठी एक खास सूचना: रात्रीच्या चौविहाराने काही बिघडत नाही, परंतु सलग अनेक दिवसांच्या उपवासात हे संप्रेरक खाली जाते आणि आहार पूर्ववत झाल्यावर सावरते. अठ्ठाईत किंवा पारण्यानंतर लगेच केलेली चाचणी शरीराची तात्पुरती काटकसर दाखवते, रोग नव्हे. ताप, शस्त्रक्रिया, मोठे आजारपण यांनंतरही तेच. आणि थकवा ही मुख्य तक्रार असेल तर आधी बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, थायरॉईड व साखर पाहावी. शुद्ध शाकाहारी घरात बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि ती भरून काढणे स्वस्त आहे.

वजन आणि साखर यांचा संबंध तर थेट आहे. पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, शिवाय स्थूल पुरुषात हा आकडा एरवीही खाली राहतो. वजन उतरले की तो आपोआप चढतो. ऑस्ट्रेलियात ५० ते ७४ वर्षांच्या, पोट सुटलेल्या १,००७ पुरुषांवरील चाचणीत सर्वांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला आणि निम्म्यांना सोबत संप्रेरक. दोन वर्षांनी मधुमेह औषधाच्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात २१ टक्के. हा फरक मोठा आहे आणि तो दडवण्याचे कारण नाही. मात्र औषधाच्या गटातील पाचांत एकाहून अधिक जणांचे रक्त मर्यादेपलीकडे दाट झाले, हेही त्याच पानावर लिहिले आहे.

धर्माच्या अंगाने काही वाचकांना हा विषयच अप्रस्तुत वाटेल. श्रावकाचे चौथे अणुव्रत स्वदारसंतोषाचे आहे, आणि कामाचा तीव्र अभिनिवेश हा त्याचा एक अतिचार मानला आहे. वयोमानाने मंदावलेली इच्छा विसाव्या वर्षासारखी करून मागणे त्या अतिचाराच्या जवळ जाते, असे म्हणता येईल. परंतु पंचेचाळिशीत आजारामुळे पत्नीपासून तुटलेला पुरुष उपचार मागतो तेव्हा तो व्रताबाहेर जात नाही. संतोष हा शब्द दोघांचा आहे. साठीनंतर परस्परसंमतीने ब्रह्मचर्य स्वीकारणारी दांपत्येही समाजात आहेत, त्यांना आकडा कमी आला म्हणून औषध घेण्याचे कारण नाही.

डॉक्टरांकडे जाताना पत्नीने सोबत जावे, हे संकोचाचे वाटले तरी उपयोगाचे आहे. झोप पाच तासांवर आणली असता आठवड्याभरात तरुणांचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरते, हे दहा जणांच्या एका लहान पण काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात दिसले आहे. झोपेत श्वास अडखळण्याचा विकारही पुष्कळदा कमी आकड्यासोबत आढळतो. आणि तो तीव्र असून त्यावर उपचार झाला नसेल, तर संप्रेरक देणे टाळले जाते. पण रात्री आपण किती घोरतो, श्वास मध्येच किती वेळ थांबतो आणि मग दचकून कसा सुरू होतो, हे रुग्णाला ठाऊक नसते. डॉक्टरांनी विचारले की तो ‘झोप चांगली लागते’ असे सांगून मोकळा होतो. शेजारच्या खुर्चीवर बसलेली पत्नी मात्र त्या वेळी मान हलवते.